मेलबर्नहून क्वीन्सलँडला घर हलवताना: आधी पाणी बघा, मग ऊन

जुलैत मेलबर्नचं दुपारचं तापमान तेरा-चौदा अंशांवर अडकलेलं असतं. त्याच दुपारी क्वीन्सलँडमध्ये ब्रिस्बेनच्या उत्तरेला असलेल्या सनशाइन कोस्टला एकवीस अंश असतात आणि मुलं अर्ध्या बाहीच्या शर्टात समुद्रावर खेळत असतात. मेलबर्नच्या टारनेट, पॉइंट कुक या उपनगरांतल्या आपल्या मंडळींनी एकदा जुलैच्या सुट्टीत हे पाहिलं की परत येईपर्यंत घर हलवायचं ठरलेलं असतं. ठरवायला हरकत नाही, जागा खरंच निवांत आहे. पण घर जुलैत बघून ठरवू नका, फेब्रुवारीत एकदा जाऊन या. तेव्हा कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी येते, दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत आणि रस्त्यावर कुठे पाणी साचतं तेही दिसतं. सनशाइन कोस्टला वर्षाला साधारण 1500 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या दुप्पट. त्याचा मोठा वाटा जानेवारी ते मार्चमध्ये येतो. तो सोसवला तर बाकीचं वर्ष सुखाचं आहे.

त्याआधी व्हिसाचा मुद्दा, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं फुकट. 491 व्हिसावर, म्हणजे महानगरांबाहेर राहण्याच्या अटीवर मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं तुमच्यासाठी बंद आहेत. सनशाइन कोस्ट आणि गोल्ड कोस्ट चालतात, केर्न्स आणि टाउन्सव्हिलही चालतात. म्हणजे 491 वर जिलाँगला राहणारं कुटुंब सनशाइन कोस्टला जाऊ शकतं, पण ब्रिस्बेनच्या उपनगरात घर घेतलं की 8579 ही महानगरांबाहेर राहण्याची अट मोडते आणि पुढचा 191 हा कायमच्या वास्तव्याचा व्हिसा धोक्यात येतो. नकाशावर ब्रिस्बेनची हद्द कुठे संपते हे उपनगराच्या नावावरून ठरवू नका. गृहविभागाच्या यादीत पोस्टकोड दिलेले आहेत, त्यात आपला पोस्टकोड शोधा.

आता घर. भाड्याचं असो वा विकतचं, पहिली तपासणी पुराची. ब्रिस्बेनमध्ये 2011 च्या जानेवारीत नदी शहरातल्या मापकावर 4.46 मीटरपर्यंत चढली होती, 2022 च्या फेब्रुवारीत 3.85 मीटरपर्यंत. 2022 चा आकडा लहान दिसतो, पण त्या वेळी कित्येक घरांत पाणी नदीतून आलंच नाही. ओढे आणि उतारावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यानेच ती घरं भरली. म्हणून ‘नदीपासून लांब आहे’ हे एजंटचं वाक्य पुरेसं नसतं. ब्रिस्बेन महापालिकेचा फ्लडवाइज अहवाल पत्ता टाकला की फुकट मिळतो, सनशाइन कोस्ट कौन्सिलकडेही पत्त्यावरून पुराची माहिती शोधता येते. त्यात नदीचा पूर, ओढ्याचा पूर, जमिनीवरून वाहणारं पाणी आणि भरतीचं पाणी हे वेगवेगळं वाचायचं. नुसतं ‘कमी धोका’ वाचून थांबायचं नाही.

विकत घेणार असाल तर याहून चांगली युक्ती आहे. सही करण्याआधी नेमका पत्ता देऊन दोन-तीन कंपन्यांकडून घरविम्याचे आकडे मागवा, पुराच्या संरक्षणासकट. शेजारच्या गल्लीपेक्षा हप्ता तिप्पट निघाला, तर विमा कंपनीला काहीतरी ठाऊक आहे. क्वीन्सलँडमध्ये 1 ऑगस्ट 2025 पासून विक्रेत्याला घराची ठराविक माहिती फॉर्म 2 वर आधी द्यावी लागते, पण घरात पूर्वी पूर आला होता का, हे त्यात सांगावं लागत नाही. ते तुम्हीच शोधायचं. करार झाल्यावर मागे फिरायला पाच कामाचे दिवस असतात, मात्र किमतीच्या 0.25 टक्क्यांपर्यंत रक्कम कापली जाऊ शकते. इमारत आणि कीड तपासणीची अट करारातून कधीही काढू नका. क्वीन्सलँडमध्ये वाळवीचा त्रास मोठा, इथे ती घराच्या लाकडी सांगाड्यात शिरते आणि भिंतीवरचा रंग शाबूत असताना आतलं लाकूड संपवते. भिंतीला टेकून केलेली बाग आणि विटांच्या खालच्या फटी मातीने बुजलेल्या दिसल्या, तर तपासनीसाला तिथे थांबवून विचारा.

दिशेचंही बोलायला हवं, कारण आपल्या डोक्यात महाराष्ट्राचा सूर्य असतो. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, इथे उत्तरेकडून. बसायची खोली उत्तरेला किंवा ईशान्येला असली की थंडीत ऊन आत येतं आणि उन्हाळ्यात समुद्राचा वारा मिळतो. निजायची खोली पश्चिमेला असली तर भिंत दुपारभर तापून रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते, तिथे एसी लावूनही झोप लागत नाही. दार पूर्वेला आहे का हे बघणाऱ्यांनी बघावं, पण त्याबरोबर पश्चिमेची भिंतही बघावी. प्रत्येक खोलीत छताचा पंखा, खिडक्यांना शाबूत जाळ्या आणि छतात इन्सुलेशन या तीन गोष्टी स्विमिंग पूलपेक्षा मोलाच्या. आणि रजया विकून टाकू नका. जुनी लाकडी घरं हवेशीर असतात, मेलबर्नसारखं गॅसचं डक्टेड हीटिंग इथे जवळपास कुठेच नसतं, त्यामुळे जुलैच्या पहाटे बाहेर आठ-दहा अंश असले की घरातही बोटं गारठतात.

भाड्याचं घर मिळवताना नवखी कुटुंबं सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ करतात. क्वीन्सलँडमध्ये हे चालत नाही. मुदतीच्या करारात चार आठवड्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं एजंटला स्वीकारताच येत नाही, जाहिरातीपेक्षा जास्त भाड्याची बोलीही घेता येत नाही. तुमची ताकद कागदपत्रांत असते: नोकरीचं पत्र, पगाराच्या पावत्या आणि मेलबर्नच्या एजंटकडून घेतलेला भाड्याचा लेजर, म्हणजे भाडं वेळेवर भरल्याची नोंद. तो लेजर तिथलं घर सोडण्याआधी मागून ठेवा, नंतर पाठपुरावा करावा लागतो. अर्ज ठरलेल्या फॉर्म 22 वर करायचा. अनेक एजंट कुणीतरी घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय अर्जाचा विचार करत नाहीत, तेव्हा ओळखीचं कुणी तिथे नसेल तर एक फेरी धरून चला. किल्ली मिळाली की घराच्या स्थितीचा फॉर्म 1ए सात दिवसांत भरून परत द्यायचा असतो. त्यात बुरशीचे डाग फोटोंसकट नोंदवा, न्हाणीघराचं छत आणि भिंतीतल्या कपाटांची मागची बाजू धरून. घर सोडताना वाद याच डागांवरून होतात.

पत्ता मिळाला की कागदांची साखळी सुरू होते आणि तिचा क्रम चुकला की आठवडे जातात. पहिली कडी ड्रायव्हिंग लायसन्स. कायद्याने तीन महिने आहेत, पण पहिल्याच आठवड्यात बदलून घ्या. कारण मुलांसोबत काम करायचं असेल तर मेलबर्नच्या, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या, परवान्याचं कार्ड इथे चालत नाही, क्वीन्सलँडचं ब्लू कार्ड लागतं. त्याच्या अर्जाला परिवहन खात्याचा ग्राहक क्रमांक हवा, आणि तो लायसन्स किंवा फोटो ओळखपत्राबरोबर येतो. ब्लू कार्ड हातात आल्याशिवाय कामावर पाऊल ठेवता येत नाही, हा नियम कडक आहे. आपल्या कितीतरी जणी चाइल्डकेअरमध्ये काम करतात. नवऱ्याची नोकरी लागली म्हणून घर हललं आणि तिची नोकरी मात्र एका कार्डापायी दोन महिने अडली, असं होऊ देऊ नका. शिक्षकांना क्वीन्सलँड कॉलेज ऑफ टीचर्सकडे नव्याने नोंदणी करावी लागते. नर्स आणि डॉक्टरांची नोंदणी राष्ट्रीय आहे, त्यांनी फक्त पत्ता बदलायचा.

गाडीला मुदत कमी आहे. इथे स्थायिक झाल्यापासून चौदा दिवसांत रेगो, म्हणजे गाडीची नोंदणी, क्वीन्सलँडची करायची. व्हिक्टोरियाचं रोडवर्दी, म्हणजे गाडी सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, इथे चालत नाही, इथल्याच मान्य केंद्राचं सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. गाड्या बहुधा तीन गोष्टींवर नापास होतात: टायरची नक्षी 1.5 मिलिमीटरच्या खाली, काचेवर चालकासमोर तडा, आणि पुढच्या खिडक्यांना गडद टिंट. सतराशे किलोमीटर चालवत आणणार असाल तर टायर मेलबर्नलाच बघून घ्या. अपघातात कुणाला इजा झाली तर त्यासाठीचा सक्तीचा विमा, म्हणजे सीटीपी, व्हिक्टोरियात रेगोतच असतो. इथे कंपनी तुम्ही निवडायची आणि त्याचा दाखला नोंदणीच्या वेळी लागतो. गाडी आधीपासून तुमच्याच नावावर असेल तर स्टँप ड्युटी नाही. इथली नोंदणी झाल्यावरच व्हिक्टोरियाची रद्द करा, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात. व्हिक्टोरियातलं अँब्युलन्सचं सदस्यत्वही बंद करा. क्वीन्सलँडच्या रहिवाशांना देशभरात कुठेही अँब्युलन्सचं बिल येत नाही.

शाळेच्या बाबतीत दोन वयांना जपायचं. पहिलं, प्रेपचं, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाचं. व्हिक्टोरियात 30 एप्रिलपर्यंत पाच पूर्ण लागतात, क्वीन्सलँडमध्ये 30 जूनपर्यंत. मे-जूनमध्ये जन्मलेलं मूल मेलबर्नला अजून किंडरमध्ये असतं, आणि त्याच वयाची इथली मुलं प्रेपमध्ये बसलेली असतात. अशा मुलाला वर्षाच्या मध्ये आणण्याआधी शाळेशी बोलून कोणता वर्ग ते ठरवा. एक वर्ष उशिरा सुरू केल्याने काही बिघडत नाही. दुसरं वय अकरावी-बारावीचं, आणि इथे अजिबात ढिलाई नको. इथल्या पद्धतीत अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमाच्या चार भागांपैकी युनिट 3 आणि 4 चे गुण अंतिम निकालात धरतात आणि बऱ्याच शाळा युनिट 3 अकरावीच्या शेवटच्या सत्रातच सुरू करतात. म्हणजे जानेवारीत बारावीसाठी आलेलं मूल आधीच एक सत्र मागे पडलेलं असतं. गणित आणि विज्ञानात बाहेरची (बोर्डाची) परीक्षा 50 टक्के, इतर बहुतेक विषयांत 25 टक्के, बाकीचं वर्गातलं मूल्यमापन. एक तर दहावी संपल्यावर या, नाही तर बारावी उरकून या.

दिवसाच्या वेळेचा फरक छोटा वाटतो, पण घरादाराची झोप बदलतो. क्वीन्सलँडमध्ये घड्याळ पुढे-मागे होत नाही. डिसेंबरात पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि संध्याकाळी पावणेसातला सूर्य मावळतो. मेलबर्नला त्याच दिवसांत पावणेनऊपर्यंत उजेड असतो. कामावरून आल्यावर मुलांना बागेत नेण्याची सवय इथे सकाळवर ढकलावी लागते. मुलांच्या खोलीला पहिल्या रात्रीच अंधार करणारे पडदे लावा. मेलबर्नच्या कंपनीचं काम घरून करत असाल तर उन्हाळ्यात तिथले नऊ म्हणजे इथले आठ. भारतातल्या आईवडिलांना मात्र सोपं झालं, वर्षभर साडेचार तासांचाच फरक.

नोकरीचं एक स्पष्ट सांगायला हवं. सनशाइन कोस्टला रुग्णालयं, बांधकाम, पर्यटन, शिक्षण यांत काम आहे. आयटीचं फार थोडं. मरूचीडोर, कलाउंड्रा या किनाऱ्याच्या गावांना अजून रेल्वे नाही, आतल्या नॅम्बोरहून ब्रिस्बेनला दोन तासांच्या आसपास लागतात. तिकीट अवघं 50 सेंट, पण रोजचे चार तास फुकट मिळत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस असेल तर जमतं, पाच दिवस असेल आणि 491 ची अट नसेल तर ब्रिस्बेनच्या उत्तरेकडच्या उपनगरात घर बघा. गणपतीचं दक्षिण भारतीय पद्धतीचं मोठं देऊळ ब्रिस्बेनच्याही दक्षिणेला साउथ मक्लीनला आहे, म्हणजे कोस्टवरून अख्खा दिवस काढूनच जाणं.

सामान नेताना घनमीटरवर पैसे लागतात. तीन बेडरूमचं भरलेलं घर 35 ते 45 घनमीटर भरतं. परतीच्या ट्रकमधली जागा स्वस्त पडते, पण सामान पोचायची तारीख पक्की नसते. डिसेंबर-जानेवारी टाळा: दर चढलेले, वादळांचा मोसम चालू, आणि पुराने महामार्ग बंद पडण्याची भीती. सप्टेंबरची सुट्टी सर्वांत बरी. वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा, नाहीतर आतला ड्रम हलून मशीन कामातून जातं. गॅसच्या टाक्या आणि पेट्रोल भरलेलं गवतकापणी यंत्र ट्रकवाले घेत नाहीत. स्वतः गाडी चालवत असाल तर न्यूएल हायवेने वेस्ट वायलॉन्ग आणि मोरी असे दोन मुक्काम करा, आणि तिन्हीसांजेनंतर चालवू नका, कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात.

घरात पाळलेला ससा असेल तर त्याला मेलबर्नलाच चांगलं घर शोधावं लागेल, क्वीन्सलँडमध्ये ससा पाळायला बंदी आहे. कुत्र्याला निघण्याआधी पॅरालिसिस टिकवरचं औषध सुरू करा. या किनाऱ्यावरची ही गोचीड कुत्र्याचा जीव घेऊ शकते. औषध चालू असलं तरी अंगावरून रोज हात फिरवून तपासायचं, कानामागे आणि मानेखाली विशेष.

मातीच्या कुंड्या मागेच ठेवा. मेलबर्नच्या थंडीत दर हिवाळ्यात पानं गाळणारा तुमचा कढीपत्ता शेजाऱ्याला द्या, इथे रोपवाटिकेतून नवं रोप आणून जमिनीत लावा. अळू, शेवगा, हळद इथे परसात होतात. वाळवणाचा महिना मात्र बदलून घ्या: जानेवारीच्या उन्हाला भुलून पापड घातले तर तिसऱ्या दिवशी त्यांना वास येतो. ऑगस्ट-सप्टेंबर इथले सर्वांत कोरडे महिने, कुरडया आणि सांडगे तेव्हा घालायचे.