शेवटचा नळ

आमच्या गावाला हिरवं कार्ड आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय. वर्षातून दोनदा, एप्रिलला आणि ऑक्टोबरला, पाण्याची पाहणी होते. जोखीम जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. निवडून आले तेव्हा मीही त्याच्याखाली उभी राहून फोटो काढून घेतला होता. पुढे मला आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर घेतलं. बाई सदस्य आली की तिला हीच समिती देतात, बांधकामाच्या कामात कुणी विचारत नाही. असो.

जुलैत ओढ्यापलीकडच्या वस्तीवर तीन पोरं जुलाबानं आडवी झाली. साठेक घरं, बहुतेक ऊसतोडीला जाणारी. आशाताई ओआरएसची पाकिटं घेऊन दारोदार फिरत होती. मी भाऊसाहेबांना विचारलं (कागदावर ते आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालेत, गावाला भाऊसाहेबच), "टीसीएल रोज टाकतात ना?" टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. ओटी पॉझिटिव्ह, ओटी पॉझिटिव्ह, ओटी पॉझिटिव्ह. नळीतल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, म्हणजे पॉझिटिव्ह. महिनाभराच्या नोंदी, एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडणाऱ्या मामांबरोबर टाकीवर गेले. पन्नास हजार लिटरची टाकी. हजार लिटरला ५ ग्रॅम धरलं तर पाव किलो पावडर लागते. मामांचं माप म्हणजे कान तुटलेला प्लास्टिकचा मग, "हितपर्यंत" असं बोटानं दाखवून. पोतं शेडच्या ओल्या फरशीवर, तोंड उघडं, पावडरीचे गोळे झालेले. ताज्या टीसीएलजवळ नुसतं उभं राहिलं तरी डोळे चुरचुरतात. या पोत्यात मी वाकून पाहिलं, नाकाला काहीही झोंबलं नाही. ओल लागली की क्लोरीन उडून जातो. चांगल्या पावडरीत तो ३३ टक्के असतो, २० च्या खाली गेला की वापरायची नसते.

ते पोतं बदललं. मग मामांना विचारलं, टेस्ट कुठल्या नळावर करता? "हा काय, हापिसासमोरचा." टाकीपासून पन्नास पावलं! टेस्ट टोकाच्या नळावर करायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही मागच्या वर्षी माहीत नव्हतं.

नव्या पावडरीनं ऑफिससमोर नळीतलं पाणी हळदीसारखं झालं. वस्तीवरच्या शेवटच्या नळावर तेवढेच थेंब टाकले, पाणी होतं तसंच. तिथं दाब इतका कमी, की लोकांनी तोटी जमिनीखाली उतरवलीय. घागर बसेल एवढा खड्डा, त्यात साठलेलं सांडपाणी, त्यावर शेवाळ. नळ गेला की तेच घाण पाणी पाइपात ओढलं जातं. भिंतीवरच्या हिरव्या कार्डात हा खड्डा कुठेच नव्हता.

"ग्रामसभेत सांगायचं ना," मी म्हणाले. मडकं घासणारी बाई हसली. "ताई, सभा कधी असती?"

२६ जानेवारीला ही माणसं कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात असतात. १५ ऑगस्टला असतात गावातच, पण सकाळी अकराला खुरपणीवर. कोरमला १५ टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल ते लागतं. तेवढे जमत नाहीत, मग सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची अट नाही, दहा डोकी जमली की विषय मंजूर. त्या दहांत आम्हीच असतो. नोटीस पडते ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, आणि त्या ग्रुपवर वस्तीतला एकही नंबर नाही, हे मी त्या दिवशी तिथंच उभी राहून तपासलं. प्रचारानंतर मी स्वतः तिकडं फिरकले नव्हते, तेही सांगून टाकते.

दसरा झाला की टोळ्या निघतील. ऑक्टोबरची पाहणी होईपर्यंत निम्म्या घरांना कुलूप लागलेलं असेल. म्हणून तहकूब सभा या वेळी संध्याकाळी सातला, वस्तीवरच्या समाजमंदिरात घ्यायला लावली. भाऊसाहेब कुरकुरले, पण आले. खड्डा बुजवून तोटी वर घ्यायचं ठरलं, वस्तीसाठी वेगळा व्हॉल्व्हही.

परवा तिसऱ्यांदा ओटीची बाटली पर्समध्ये टाकून गेले. तोटी वर आलीय. नळीत फिकट का होईना, पिवळं आलं. एका आजीनं ती हातात घेऊन उन्हाकडे धरली. "हे प्यायचं व्हय?"

"नाही आजी, हे फेकायचं. नळातलं प्यायचं."

"मग एवढं पिवळं करून दावलंस कशाला?"