आमच्या डेटात लिहिलं होतं, पेशंट आलाच नाही

कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डेटाचं काम करते म्हटलं की लोकांना वाटतं एसीत बसून एक्सेल भरायचं, आणि खरं सांगायचं तर वर्षातले बरेच दिवस तसंच असतं. पण प्रत्येक आउटकम स्टडीच्या, म्हणजे ट्रीटमेंटनंतर पेशंटचं पुढे काय झालं याच्या अभ्यासाच्या, शेवटी एक यादी राहते. ज्यांचा फोन लागत नाही, जे परत तपासायला आलेच नाहीत, ते जिवंत आहेत की गेले हे कुणालाच माहीत नाही असे लोक. आमच्या भाषेत लॉस्ट टू फॉलोअप. ही यादी कितीही कंटाळवाणी वाटली तरी तिच्यावरच सगळं ठरतं, कारण जे आजारी पडून घरीच वारले ते फोन उचलायला नसतात, आणि त्यांना नुसतं बाजूला काढून टक्केवारी काढली तर आपलं हॉस्पिटल कागदावर एकदम भारी दिसतं.

बार्शीच्या लोकांना हे फार आधी कळलं होतं. १९८७ मध्ये तिथे भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे भागातल्या सगळ्या कॅन्सर पेशंटची नोंद ठेवायची व्यवस्था, सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी, आणि तेव्हापासून त्यांची माणसं हॉस्पिटलात पेशंटची वाट न बघता गावोगाव फिरतात, सरपंच, मास्तर, अंगणवाडी, सगळीकडे विचारतात. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायकांची, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर ओळखायच्या एचपीव्ही टेस्टची, जी ट्रायल झाली आणि २००९ मध्ये जगभर गाजली, तिचा सगळा हिशोब अशा दारोदारच्या फॉलोअपवरच उभा होता. एकदाच टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या आणि काहीच न केलेल्या गटात ६४. हे ३४ आणि ६४ कुणीतरी पायी जाऊन मोजलेत, हे मात्र पेपर वाचणाऱ्याच्या डोक्यात येत नाही.

तर आमचा स्टडी. २०२१ मध्ये आमच्याकडे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी, गावाकडे पिशवीचा कॅन्सर म्हणतात त्यासाठी, शेक म्हणजे रेडिएशन घेतलेल्या बायका, त्यातल्या किती तीन वर्षांनी बऱ्या आहेत आणि ट्रीटमेंट वेळेत पुरी झाली का. वेळेत हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. पाच आठवडे सोमवार ते शुक्रवार बाहेरून शेक, २५ वेळा, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन, आणि मग आतून शेक म्हणजे ब्रेकीथेरपी. हे सगळं ५६ दिवसांत उरकायला हवं. कारण तीन-चार आठवडे झाले की ज्या पेशी मेलेल्या नसतात त्या उलट जोरात वाढायला लागतात, आणि ५६ च्या पुढे गेलेल्या प्रत्येक दिवसाला गाठ आटोक्यात राहायची शक्यता साधारण अर्धा ते एक टक्क्याने घसरते. टाटा मेमोरियलची ८५० बायकांवरची ट्रायल २०१८ मध्ये छापून आली, स्टेज ३बी म्हणजे ओटीपोटात बराच पुढे गेलेला कॅन्सर, त्यात शेकासोबत सिस्प्लॅटिन दिल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५४ वर गेलं. आठ टक्क्यांसाठी आठ वर्षं पेशंट गोळा केले त्यांनी, आणि आपण त्यातलं बरंचसं खाड्यांमध्ये घालवून बसतो.

आमच्याकडे खाडे भरपूर निघाले. आणि फॉर्ममध्ये खाड्याच्या कारणाला चार ऑप्शन होते, पेशंट गैरहजर, त्रास झाला म्हणून थांबवलं, सुट्टी, इतर. एंट्री करणारी पोरं शेकाच्या रजिस्टरमधून भरतात, तिथे त्या दिवशी नावापुढे टिक नसली की गैरहजर. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर गैरहजरच गैरहजर. सगळ्यांना ते पटलंही, कारण तेव्हा एसटीचा संप चालू होता आणि आमचे अर्धे पेशंट एसटीनेच येतात. पेपरच्या ड्राफ्टमध्ये वाक्यही तयार होतं, की वाहतुकीची अडचण, ऊसतोडीचं स्थलांतर आणि आजाराबद्दलचं अज्ञान यामुळे रुग्ण उपचारात खंड पाडतात आणि समुपदेशनाची गरज आहे. समुपदेशन हा शब्द घातला की पेपर कसा छान संपतो.

बीडकडच्या यादीसाठी दसऱ्याच्या आधी जायचं असं आमच्या समाजसेवक दादांनी बजावून ठेवलं होतं, कारण एकदा टोळ्या कारखान्यावर गेल्या की मार्चपर्यंत घरांना कुलपं. दादांची मोटरसायकल, मागे मी, पाठीवर फायलींची सॅक, आणि रस्ता म्हणजे काय बोलायचं.

पहिल्या घरी जी बाई आमच्या डेटात जिवंत होती ती दोन वर्षांपूर्वीच गेलेली निघाली. फोनवर दिराने दर वेळी "हां बऱ्या हायेत की" असं सांगितलं होतं. दादांनी त्याला बाजूला घेऊन चहा पाजला तेव्हा कळलं, त्याला वाटायचं फोन सरकारी ऑफिसातून येतो आणि बाई गेली म्हटलं की निराधारचे पैसे बंद होतील, वर आत्तापर्यंत उचललेले परत मागतील. ग्रामसेवकाच्या रजिस्टरमध्ये मृत्यूची नोंद होती, तारखेसकट. कारणाच्या रकान्यात ‘आजार’. झालं. पुढे.

दुपारी ज्या मावशींकडे गेलो त्या आमच्या यादीत गायब होत्या. जानेवारी २०२२ नंतर एकदाही आल्या नाहीत, फोन बंद. पत्ता विचारत गेलो तर त्या समोरच बसलेल्या, कोयत्यांच्या मुठींना चिंध्या गुंडाळत. आम्ही कोण हे सांगितल्यावर आधी घाबरल्या, मग हसल्या, "आवं जित्ती हाय की मी, कामून एवढ्या लांब आलाव?"

मला काय बोलावं सुचेना, मी सरळ फॉर्म काढला. वजन, जेवण, अंगावरून जातं का, पाय सुजतात का. सगळं ठीक. मग हळूच म्हणाल्या, मूळव्याध झालाय, संडासला रक्त पडतं, दोन वर्षं झाली, तालुक्याच्या डॉक्टरची पावडर चालू आहे. दादांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. शेक घेतलेल्या बाईला असं रक्त जाणं बऱ्याचदा मूळव्याध नसतं, शेकाने आतड्याच्या शेवटच्या भागाला झालेली इजा असते, वर्षा-दोन वर्षांनी दिसायला लागते, आणि अर्थात कॅन्सर परत आलाय का हेही बघावं लागतं. आमच्या स्टडीत याला कॉलम होता, पण जी बाई परत आलीच नाही तिचा कॉलम रिकामा, आणि रिकामा म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी त्रास नाही.

मी विचारलं, मावशी परत दाखवायला का नाही आलात? आणि मध्ये शेक पण सोडला होतात ना तुम्ही? नोव्हेंबरात?

त्या एकदम चिडल्या. "म्या सोडला? म्या?" उठून आत गेल्या आणि साडीच्या दुकानाची एक कॅरीबॅग आणली. त्यात सगळं होतं. बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्डाची झेरॉक्स, सलाईनच्या पावत्या, आणि आमच्या हॉस्पिटलचं तारखेचं कार्ड, लॅमिनेशन सुटलेलं, घडीवर फाटून सेलोटेप लावलेलं. हे कार्ड पेशंटकडेच असतं, पुढची तारीख टेक्निशियन हाताने लिहितो, आमच्या फायलीत त्याची कॉपी येत नाही.

मी ते खाटेवर ठेवून फोटो काढला आणि मग वाचलं. ११ ऑक्टोबरला सुरू. दसरा आणि दिवाळीची सुट्टी सोडली तर ३ नोव्हेंबरपर्यंत रोज सही, १७ झाले. मग ८/११ खोडलेलं, शेजारी निळ्या पेनने "मशीन बंद, १५ ला येणे". १५/११ खोडलेलं, "बंद, १८". १८ खोडलं, २२. २२ खोडलं, २५. आणि २५ पासून परत सह्या, ६ डिसेंबरला २५ पुरे, मग चार मंगळवार आतला शेक, शेवटचा २८ डिसेंबरला. सुरुवातीपासून मोजले तर ७९ दिवस. म्हणजे बाई चार वेळा येऊन परत गेली होती आणि चारही वेळा आमच्या रजिस्टरमध्ये टिक नाही म्हणून गैरहजर.

तेही एसटी बंद असताना. वडाप जीपने तालुक्यापर्यंत, तिथून एकदा कापसाच्या ट्रकमधून, एकदा मुलाच्या मित्राच्या मोटरसायकलवर. धर्मशाळेत का नाही राहिलात विचारलं तर म्हणाल्या मशीन बंद तर खोली रिकामी करा म्हणले. नवरा त्या वर्षी कोयत्यावर गेला नाही त्यामुळे मुकादमाची उचल अंगावर राहिली, ती पुढच्या सालात फेडली दोघांनी मिळून. जानेवारीनंतर न येण्याचं कारण हेच, उचल फेडायला त्या कर्नाटकात होत्या, शेक संपून महिनाही झाला नव्हता. आणि मोबाईल तिथेच फडात हरवला. त्यांच्या नवऱ्याने हे सगळं इतक्या सहज सांगितलं की मला लिहायला पण संकोच वाटायला लागला.

निघताना शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. एकीने विचारलं, माझी पिशवी काढलीय, मला तर हा आजार व्हायचा नाही ना? या भागात हा प्रश्न दर गावात येतो. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकरणावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती, आठवत असेल. दादांनी उत्तर दिलं, मुख ठेवलंय की काढलंय ते ऑपरेशनच्या कागदावर बघावं लागेल, कागद आहे का? नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आधी फिजिसिस्टकडे गेले. त्यांच्याकडे मशीनचं लॉगबुक असतं, कधी बंद पडलं, कोणता पार्ट, इंजिनीअर कधी आला. ८ ते २४ नोव्हेंबर २०२१, बंद. पार्ट बाहेरून यायचा होता. कार्डावरच्या तारखांशी तंतोतंत. मग मी त्या काळातले आमचे सगळे गैरहजर काढले आणि लॉगबुकशेजारी ठेवले, आणि ते जवळपास सगळे त्याच दिवसांत बसले, ज्यांचं घर हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आहे त्यांच्यासकट. त्यांना कसली एसटी लागते?

स्टडी ज्यांच्या हाताखाली चालू आहे त्या सरांना दाखवलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, मशीन चालू असतं तरी हिचे ५६ च्या वर गेलेच असते, आपण आतला शेक आठवड्याला एकदाच देतो. हे बरोबर आहे, मी पण हिशोब केला होता, ६५ आले असते. पण ६५ आणि ७९ यात फरक आहे, आणि मुख्य म्हणजे ते ६५ सुद्धा मावशींमुळे नाहीत, आमच्या टाइमटेबलमुळे. हे मी जरा जोरात बोलले बहुतेक. मशीनचा मेंटेनन्स करार संपल्यावर वेळेत रिन्यू का होत नाही, एकच मशीन असलेल्या ठिकाणी ते बंद पडलं तर पेशंट दुसरीकडे पाठवायची सोय का नाही, हे प्रश्न पेपरात येणं आणि समुपदेशनाची गरज येणं यात कुणाला काय सोयीचं हे सांगायला नको. सरांनी अज्ञानाचं वाक्य स्वतः खोडलं एवढं मात्र मान्य करायला पाहिजे. फॉर्ममध्ये पाचवा ऑप्शन आला, मशीन बंद, आणि त्यासाठी तारीख लॉगबुकवरूनच घ्यायची, रजिस्टरवरून नाही.

मावशी पुढच्या आठवड्यात आल्या, टोळी निघायच्या आधी. दुर्बिणीने तपासलं, शेकाचीच इजा होती, कॅन्सर परत आलेला नाही. सुक्राल्फेटचा एनिमा लिहून दिलाय, रक्त थांबलं नाही तर आतून जाळून बंद करावं लागेल. फॉर्ममध्ये तीन वर्षांनी जिवंत, रोगमुक्त. ७९ दिवस लागूनही. आता एवढ्यावरून ५६ चा नियम खोटा असं कुणी म्हणू नका, त्याच महिन्यातल्या यादीत दुसऱ्या टोकाच्या बायकाही आहेत.

सरांनी आता २०२२ पण तसंच काढायला सांगितलंय. त्या वर्षी ब्रेकीथेरपीचा इरिडियमचा सोर्स उशिरा आला होता म्हणे. त्याचं हाफ लाइफ, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, ७४ दिवसांचं, दर तीन-चार महिन्यांनी बदलावाच लागतो, ऑर्डर लांबली की आतला शेक लांबतो. फिजिसिस्टकडे त्याचं रजिस्टर मागितलंय, ते म्हणाले शोधून देतो. आणि दादांनी परांड्याकडची यादी मागितलीय, दिवाळीच्या आत जाऊन येऊ म्हणतायत.