तुम्ही विचारलंत म्हणून: फियाटमध्ये मारुतीचं इंजिन का नाही टाकलं

पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या गेटपाशी, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर चक्क तेराव्याच्या जेवणाला. प्रश्न ठरलेला. "अजून ओरिजिनलच इंजिन? मारुतीचं टाका की, कटकट मिटेल." विचारणारा बहुधा बॉनेटवर थाप मारून विचारतो, बाजारात म्हैस बघायला आल्यासारखा. मी "बघू" म्हणतो. बाबा गेल्यापासून तर रोजच बघतोय. आज एकदा सगळं सांगून टाकतो.

गाडी 1984 ची पद्मिनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची फियाट. कुर्ल्यात बनलेली असली, तरी इंजिनाचं कूळ इटलीतल्या तुरिनचं, फियाटच्या गावचं. 1089 सीसी, 68 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, 75 चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव. फियाटनं 1937 मध्ये 508 सी ही गाडी काढली तेव्हाचे हे आकडे. दुसरं महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, आणीबाणी येऊन गेली, आकडे तेच. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड आणि रॉकर, ब्लॉक बिडाचा, त्यावर झाकणासारखं बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ताकद चाळीसेक घोड्यांची.

तरुणपणी या प्रश्नावर मी भांडायचो. सिसितालिया 202 ही न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये मांडलेली गाडी, तिचं इंजिन याच फियाट 1100 च्या घराण्यातलं, हे समोरच्याच्या तोंडावर फेकायचो. 1947 च्या मिले मिलिया या इटलीतल्या शर्यतीत नुव्होलारी हा नामांकित रेसर सिसितालिया घेऊन दुसरा आला, तोही पावसात इग्निशन भिजून वेळ गेला म्हणून, नाहीतर पहिलाच आला असता. हे सांगताना माझा आवाज चढायचा. आणि माझ्याच गाडीच्या ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमध्ये जुलैमध्ये पाणी जाऊन मी सिंहगड रोडवर छत्री धरून उभा असायचो, ते मात्र सांगायचो नाही.

आता भांडत नाही. इंजिनात उणिवा आहेत, मान्य. पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँक तीनच बेअरिंगांवर फिरतो, त्यामुळे सत्तरच्या पुढे दामटली की गाडी घुमायला लागते. उन्हाळ्यात इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप तापला की आत वाफ धरते. मग ओलं फडकं गुंडाळा आणि झाड शोधा. ठिणगीचे पॉइंट जळतात, व्हॉल्व्हांचे टॅपेट वाजतात. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून पंपाचा जुन्या रबराचा पडदा आणि नळ्यांचं काय होतं, ते विचारूच नका. आणि मुख्य म्हणजे हेड. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोघांच्या मधे फट बुजवणारी बिचारी गॅस्केट. हेड बसवताना नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळायचे आणि थोडं चालवून पुन्हा बघायचे. इतकं केलं आणि पाणी नीट ठेवलं, तर ते हेड कुणाला त्रास देत नाही.

पाणी नीट ठेवलं तर.

मे 1996. साताऱ्याला मावसबहिणीचं लग्न, मुहूर्त साडेबाराचा. मी तेवीस वर्षांचा, चालवायला मी. शेजारी बाबा, मागे आई, आजी आणि आहेराची पितळी समई. खंडाळा सोडलं, खंबाटकी लागला, पुढे उसाचा ट्रक. दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चाललो होतो. अर्ध्या घाटात बाबा म्हणाले, "अरे, वास येतोय बघ. घे जरा बाजूला." मी म्हणालो, "वरती गेल्यावर बघू." त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा तेच म्हणालो. ट्रकला ओव्हरटेक करायची जागा दिसत होती, आणि तेविसाव्या वर्षी तेवढंच दिसतं.

पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि इंजिन आपणहून बंद पडलं. मी टॉवेल टाकून रेडिएटरचं झाकण उघडलं. मनगटावर उकळतं पाणी उडालं, त्याचा डाग अजून आहे. बाबा म्हणत होते, "निवू दे, अर्धा तास बसू." मी घड्याळ बघितलं. पाठीमागच्या टेम्पोवाल्याकडून थंड पाण्याचा कॅन आणला आणि सरळ ओतला. आतून टक् असा आवाज आला. सुपारी फुटल्यासारखा, मोठा नाही. आजी मागून म्हणाली, "काय रे फुटलं?" कुणीच काही बोललं नाही. लग्नाला आम्ही त्याच टेम्पोतून पोचलो, अक्षता पडून गेल्यावर, समईसकट.

गाडी ओढून पुण्यात आणली. मिस्त्रीनं हेड उतरवलं, त्यावर रॉकेल फासलं, कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. आम्ही दोघं बघत उभे होतो. मिनिटभरात तिसऱ्या सिलेंडरच्या दोन व्हॉल्व्हांच्या मधे पांढऱ्या खडूतून एक काळी ओली रेघ वर आली. केसाएवढी. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ही इंजिनंच नाजूक. मारुतीचं टाका." तुमचा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो त्यानं, 1996 मध्ये.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. पुढची नाही. लग्नाच्या महिनाभर आधी बाबांनी मला तीनशे रुपये दिले होते, रेडिएटर उघडून साफ करून आणायला. आमच्याकडे बोअरचं पाणी, वर्षानुवर्षं तेच घातलेलं. मी त्या पैशांत गाडीला सेकंडहँड कॅसेट प्लेअर बसवला. त्यांनी विचारलं, "रेडिएटर झालं का?" मी "हो" म्हणालो. प्लेअर मित्रानं दिला म्हणून सांगितलं.

हेड उतरवलं त्याच दिवशी मिस्त्रीनं रेडिएटरची खालची नळी काढून वरून पाणी सोडलं. खाली धार यायला हवी होती. आलं ते थेंबथेंब, आणि बरोबर क्षारांच्या पांढऱ्या खपल्या. बाबा तिथंच उभे होते. त्यांनी खपल्यांकडे बघितलं आणि मिस्त्रीला विचारलं, "नवं हेड कितीला पडेल?" बस्स.

त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पुढची पंधरा वर्षं ते सगळ्यांना सांगायचे, "फियाटचं इंजिन घाटात टिकत नाही." मी समोर बसलेला असायचो. दोनदा त्यांनी मारुतीच्या इंजिनाचा विषय काढला. दोन्ही वेळा मी सिसितालिया, नुव्होलारी, अ‍ॅल्युमिनियमचं प्रसरण असलं काय काय सांगून तो हाणून पाडला. तीनशे रुपयांचं तेवढं सांगितलं नाही. 2011 मध्ये बाबा गेले. गाडी पुण्याबाहेर न्यायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत.

तेव्हा मी हट्ट सोडला असता, आठशे सीसीचं ते छोटं इंजिन टाकलं असतं, आरटीओत नोंद केली असती, तर ते माझ्या शेजारी बसून पुन्हा साताऱ्याला आले असते, असं बायको म्हणते. तिचं बरोबर असेल. मी इंजिनाची बाजू लढवत होतो की माझी, हे मलाही धड सांगता येत नाही. नवं हेड बसून तीस वर्षं होत आली. गॅस्केट एकदाही उडालेली नाही. रेडिएटर दर दोन वर्षांनी मी स्वतः उभा राहून उघडून घेतो.

गेल्या महिन्यात पंपावर एका मुलानं पुन्हा थाप मारली. इंजिन बदलून देणाऱ्या ओळखीच्या गॅरेजचं कार्ड दिलं, म्हणाला, "काका, दोन दिवसांचं काम." मी "बघू" म्हणालो. कार्ड डॅशबोर्डच्या खणात आहे, टॅपेटच्या फटी मोजायच्या फिलर गेजच्या पुडीशेजारी.