बाटलीवरचं ०.१

बारावीच्या जर्नलमध्ये ज्यांनी टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाची तीव्रता दुसऱ्या द्रावणाने मोजायचा प्रयोग, लिहिलंय त्यांना सीबीआर आठवत असेल. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणा केलेल्या काचेच्या नळीतून किती द्रावण गेलं त्याचा जुळणारा आकडा. तीन रीडिंगं घ्यायची, त्यातली दोन तरी जुळायला हवीत, आणि नाही जुळली तर शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघून जुळवायची. सायन्सला गेलेल्या बहुतेकांना हे ठाऊक असतं आणि त्यात कुणाला फारसं वावगंही वाटत नाही. मी शिकवते त्या शाळेत याच कारणासाठी एका मुलाला सकाळी पावणेआठ वाजता सात जणांसमोर बसावं लागलं, तेही कॉलेजचे अर्ज जायच्या दोन दिवस आधी. ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट आहे. ती अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

शाळा न्यू जर्सीतली. सरकारी पैसा नाही, फी आणि देणग्यांवर चालते. मुलं वसतिगृहात राहत नाहीत, संध्याकाळी घरी जातात. नववी ते बारावीची चार वर्षं सगळ्यांचं लक्ष कॉलेज प्रवेशाकडे लागलेलं असतं. माझ्या एपी केमिस्ट्रीच्या, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या केमिस्ट्रीच्या, वर्गात चौदा मुलं. वेळापत्रक सात दिवसांनी फिरतं. रोजचा तास ४५ मिनिटांचा आणि एका फेऱ्यात एकच ८५ मिनिटांचा लांब तास, प्रयोग त्यातच उरकायचे. एपीच्या अभ्यासक्रमाची अट अशी की शिकवण्याच्या वेळेतला किमान पाव भाग प्रयोगांना द्यायचा, किमान १६ प्रयोग करायचे आणि त्यातल्या किमान सहांची पद्धत मुलांनी स्वतः आखायची. आमचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी ही अट कधी वाचली असेल असं मला वाटत नाही. त्यात ऑक्टोबरमध्ये सामने. बस पावणेदोनला सुटते, आणि लांब तास नेमका शेवटचा असला की खेळाडूंचा प्रयोग बुडालाच.

प्रयोग होता सोडियम हायड्रॉक्साइडचं स्टँडर्डायझेशन, म्हणजे त्याच्या द्रावणाची नेमकी तीव्रता शोधणं, आणि मग त्याच द्रावणाने व्हिनेगरमधलं आम्ल मोजणं. स्टँडर्डायझेशन करावंच का लागतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतला ओलावा इतक्या भराभर ओढतात की तराजूच्या पॅनवरच त्या चिकट व्हायला लागतात. म्हणजे ८ ग्रॅम मोजून दोन लिटर पाण्यात विरघळवले तरी त्या ८ ग्रॅममध्ये पाणी किती हे कळत नाही. शिवाय द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतं. कागदावर तीव्रता ०.१ मोलर येते, बाटलीत कधीच नाही. म्हणून ज्याच्या वजनावर विश्वास ठेवता येतो असा पदार्थ घ्यायचा. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, प्रयोगशाळेच्या भाषेत केएचपी. ११० अंशांवर दोन तास सुकवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा येऊ न देणाऱ्या बंद भांड्यात, गार केलेलं. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास घ्यायचं, पण वजन तिसऱ्या दशांशापर्यंत लिहायचं. त्याला २०४.२२ ने, म्हणजे केएचपीच्या एका मोलच्या वजनाने, भागलं की मोल मिळतात आणि ब्युरेटमधून किती आकारमान लागलं त्यावरून द्रावणाची खरी तीव्रता.

हे करताना मुलं ठरलेल्या जागी चुकतात. ब्युरेट फक्त पाण्याने विसळतात. खरं तर भरायचं आहे त्याच द्रावणाने पाच-पाच मिलीने दोन-तीनदा विसळायला हवी, नाहीतर आतल्या पाण्याने ते पातळ होतं. चोचीत हवेचा बुडबुडा राहतो, तो मध्येच सुटतो आणि त्याचं आकारमान रीडिंगमध्ये मोजलं जातं. वरची फनेल काढायची विसरतात, तिच्यातून थेंब पडत राहतो. आपल्याकडे बारावीला रीडिंग एका दशांशापर्यंत लिहितात, इथे ०.१ च्या दोन रेघांमधली जागा डोळ्याने वाटून दुसरा दशांश लिहावाच लागतो. आणि फिनॉल्फ्थॅलिनचा, म्हणजे आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या इंडिकेटरचा, रंग. फ्लास्कमागे पांढरा कागद धरून जेमतेम दिसेल असा गुलाबी आला आणि हलवल्यावर तीस सेकंद टिकला, की थांबायचं. मजेंटा झाला म्हणजे पुढे गेलात. शेवटच्या मिलीत अर्धा-अर्धा थेंब चोचीवर धरून काचेला लावायचा आणि धुवून आत घ्यायचा. हे नीट करणारं मूल बघायला मला आजही फार आवडतं.

मंगळवारी, २२ तारखेला, वर्गाने प्रयोग केला. सहा गटांची उत्तरं ०.०९३१ ते ०.०९४६ मोलरच्या मध्ये आली. माझं स्वतःचं ०.०९३७. हा मुलगा सॉकरच्या सामन्याला गेला होता. त्याला गुरुवारी स्टडी हॉलमध्ये भरपाईचा तास दिला. ४५ मिनिटांचा, कारण मोकळा तोच होता. देखरेखीला बायॉलॉजीचे एक सहकारी. ते शिक्षक म्हणून उत्तम आहेत, पण पेपर तपासायला बसले की मान वर करत नाहीत. ‘शांतपणे काम करत होता’, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

सोमवारी अहवाल आला. आठ पानं, सुबक. केएचपीची वजनं ०.५१२, ०.४९८, ०.५०७ ग्रॅम. आकारमानं २५.०७, २४.४१, २४.८१ मिली. तीव्रता ०.१०००, ०.०९९९, ०.१००१. व्हिनेगर बरोबर ५.० टक्के, दुकानातल्या बाटलीवर छापलेलं तेवढंच. चुकांच्या विश्लेषणात एक निर्दोष वाक्यही होतं: अंतिम बिंदू ओलांडला तर आकारमान जास्त येतं आणि तीव्रता प्रत्यक्षापेक्षा कमी निघते.

तिन्ही उत्तरं एकमेकांना इतकी धरून येणं अशक्य नाही. चांगल्या हाताला येतात. पण त्या बाटलीतून ०.१००० येणं शक्य नव्हतं. आरोप करण्याआधी मी उरलेल्या द्रावणाचं पुन्हा टायट्रेशन केलं. ०.०९३६. म्हणजे ०.५१२ ग्रॅमला २६.७९ मिलीच्या आसपास लागायला हवं होतं, २५.०७ नव्हे. त्याने वजनं घेतली, बाटलीवर ‘०.१’ वाचलं आणि घरी बसून उलटं गणित केलं. शेवटच्या अंकात थोडी चलबिचल पेरली. जी संख्या शोधण्यासाठी अख्खा प्रयोग होता तीच त्याने गृहीत धरली.

आमच्याकडे अशा वेळी शिक्षकाने मुलाला स्वतः जाब विचारायचा नसतो. त्याच दिवशी डीनना लेखी कळवायचं, मग ऑनर कौन्सिल, म्हणजे अप्रामाणिकपणाच्या तक्रारी ऐकणारी शाळेची समिती, बसते: पाच विद्यार्थी, दोन शिक्षक, आणि मुलाच्या बाजूला त्याचा अ‍ॅडव्हायझर. मी कळवलं. कॉलेज प्रवेशाचं काम बघणाऱ्या एका सहकाऱ्याने दुपारी मला गाठून सुचवलं की एक तारीख जाऊ दे, मग बोलू. एक नोव्हेंबर, म्हणजे अर्ली अर्जांची, ज्यांचा निकाल लवकर लागतो त्या पहिल्या फेरीच्या अर्जांची, शेवटची तारीख. हे सांगणं मला चुकीचं वाटलं आणि अजूनही वाटतं. अर्जासाठी प्रामाणिकपणाला तीन दिवसांची सुट्टी द्यायची असेल, तर दर सप्टेंबरला मुलांकडून त्या प्रतिज्ञेवर सह्या तरी कशाला घ्यायच्या?

बुधवारी सकाळी कौन्सिल बसली. त्याने काहीच नाकारलं नाही. आपली प्रयोगवही घेऊन आला होता. या वह्यांना प्रत्येक पानामागे पिवळी प्रत असते, वरचं लिहिलेलं खाली उमटतं, आणि प्रयोगशाळेतून निघताना ती फाडून शिक्षकाला द्यायची पद्धत आहे. गुरुवारी ती कुणी मागितली नव्हती, त्यामुळे ती वहीतच होती. तीवर एकच ट्रायल. वजन ०.५१२. सुरुवात ०.३५, शेवट २७.९०. शेजारी लिहिलेलं: ‘गडद, वाया गेलं’.

काय झालं ते त्याने सांगितलं. बाटलीवर ०.१ होतं म्हणून त्याने आधीच हिशोब केला: २५ च्या आसपास रंग येणार. २४ ला वेग कमी केला. थेंब-थेंब करत २५.५ पर्यंत गेला. रंग नाही. वाटलं, इंडिकेटर टाकायलाच विसरलो, म्हणून आणखी दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन टाकलं. तरी नाही. घड्याळात बारा मिनिटं उरली होती. तोटी जरा मोकळी सोडली आणि फ्लास्क एकदम मजेंटा. ‘मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय,’ तो म्हणाला. मग त्याने उरलेली दोन वजनं घेतली, ती लिहिली, आणि तास संपला.

मी तिथेच कागदावर भागाकार केला. ०.३५ ते २७.९०, म्हणजे २७.५५ मिली. तीव्रता ०.०९१०. खऱ्या आकड्यापासून तीन टक्क्यांपेक्षाही कमी अंतरावर. त्याने बनवलेलं ०.१००० जवळजवळ सात टक्के दूर. त्याने वाया गेलं म्हणून टाकून दिलेली ट्रायल त्याच्या सुबक अहवालातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा खरी होती.

यात माझा वाटा किती, हे मला टाळता येत नाही. ‘अंदाजे ०.१’ असं हँडआउटवर होतं आणि मंगळवारी फळ्यापाशी मी ते दोनदा सांगितलं होतं. बाटलीवर मात्र नुसतं ०.१ लिहिलं होतं, आणि मंगळवारी तो वर्गात नव्हता. ८५ मिनिटांचं काम मी ४५ मिनिटांत बसवलं होतं. गुणांची वाटणी तर त्याहून वाईट: वीसपैकी चार गुण उत्तर दोन टक्क्यांच्या आत आलं तर आणि तीन गुण तिन्ही ट्रायल जुळल्या तर. एकच बिघडलेली ट्रायल खरी-खरी लिहिली असती तर सात गुण जाऊन हातात तेरा राहिले असते. पहिल्या तिमाहीचे गुण अर्ली अर्जांबरोबर कॉलेजांना जातात, हे बारावीचं प्रत्येक मूल जाणून असतं. आपल्याकडच्या सीबीआरला नावं ठेवणारी मी, जुळलेल्या रीडिंगला बक्षीस इथेही देत होते.

आता वाटणी बदलली आहे. त्या सातांपैकी पाच गुण नोंदींना: प्रत्येक ट्रायल लिहिलेली, बिघडलेलीही, आणि ती का बिघडली याचं कारण. पिवळी प्रत दिल्याशिवाय अहवाल घेतला जात नाही. भरपाईचे प्रयोग शाळा सुटल्यावर, मी स्वतः हजर असताना. बाटलीवर आकडाच नाही, फक्त द्रावणाचं नाव, तारीख आणि ‘तीव्रता शोधा’. बस पावणेदोनलाच सुटते.

कौन्सिलने त्याला अहवालाचे शून्य गुण दिले, प्रयोग पुन्हा करायला सांगितला आणि एक पत्र शाळेच्या फाइलमध्ये ठेवलं. निलंबन नाही. आमच्या शाळेचं धोरण असं की निलंबन असेल तरच कॉलेजला कळवायचं. कॉमन अ‍ॅपनेही (अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायची ऑनलाइन सेवा) शिस्तभंगाचा सरसकट प्रश्न २०२१-२२ च्या हंगामापासून काढून टाकला आहे. काही कॉलेजं आपल्या पुरवणीत तो विचारतात, तिथे मुलाने खरं उत्तर द्यायचं. हा निवाडा मला योग्य वाटला.

उरलं माझं शिफारसपत्र. ते सप्टेंबरमध्येच लिहून झालं होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. त्यात एक परिच्छेद त्याच्या प्रयोगवहीवर होता: अकरावीच्या वर्षात त्याने खोडलेलीही रीडिंगं एका रेघेखाली वाचता येतील अशी ठेवली होती, त्याबद्दल. तो परिच्छेद खोटा नव्हता. कौन्सिलमधलं काही पत्रात आणता येत नाही, ते गोपनीय असतं. आणि पत्र बघण्याचा हक्क त्याने अर्जातच सोडलेला, त्यामुळे मी काय ठेवलं, काय काढलं हे त्याला कधीच कळणार नाही. मी परिच्छेद काढला. मग परत घातला. शेवटी काढूनच टाकला, कारण ३० तारखेला मला तो परिच्छेद सप्टेंबरमधल्या अर्थाने वाचता येईना.

पत्राबरोबर एक तक्ता असतो. मुलाचे पंधरा-सोळा गुणविशेष, आणि प्रत्येकासमोर ‘सरासरीपेक्षा कमी’ पासून ‘कारकिर्दीत पाहिलेल्या मोजक्यांपैकी’ पर्यंत चौकटी. सगळ्यात पहिली चौकट: मत द्यायला आधार नाही. प्रामाणिकपणा हा एक गुण आहे. अपयशाला कसं तोंड देतो हा दुसरा. पहिल्यासमोर मी ‘चांगला’ वर खूण केली, सप्टेंबरमध्ये ती वरच्या पाच टक्क्यांत होती. दुसऱ्यासमोर ‘आधार नाही’. ३१ तारखेला रात्री पत्र पाठवलं.

सहा नोव्हेंबरला साडेतीनला तो आला, सव्वापाचपर्यंत होता. चार ट्रायल केल्या. पहिली पुन्हा ओलांडली. त्याने ती खोडली नाही, शेजारी लिहिलं, ‘०.६ मिलीच्या आसपास पुढे, तोटी उशिरा बंद केली’. बाकी तीन ०.०९२८, ०.०९३१, ०.०९२९. बाटली दोन आठवडे जुनी झाली होती, आकडा थोडा उतरणारच होता. निघताना त्याने न मागता पिवळी प्रत फाडून टेबलावर ठेवली आणि विचारलं, तुमचा आकडा काय आला? मी म्हटलं, ०.०९३०. तो मान हलवून बॅग उचलून गेला.

त्या दुसऱ्या गुणाचा आधार मला सहा तारखेला मिळाला, आणि पत्र ३१ लाच गेलं होतं.