वर्तुळ तिरपे करताना

सायकल शर्यतीच्या जर्सीवरील मजकूर छपाईपूर्वी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. आयोजकांनी रोमन मजकुरासाठी ‘फ्युचुरा’चे ठळक तिरपे रूप ठरवले होते. पॉल रेनर यांनी रेखाटलेला हा फॉन्ट फ्रांकफुर्टच्या बाउअर या टाइप फाउंड्रीने (छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने) १९२७ साली बाजारात आणला आणि तिरपे रूप त्यानंतर आले. बार्बरा क्रूगर या अमेरिकन कलावतीच्या लाल पट्ट्यांवरील पांढऱ्या घोषणा बऱ्याचदा याच रूपात असतात; जर्सीवर ते शोभणार याविषयी मला शंका नव्हती.

शंका आली ती नमुन्यातील ‘ओ’ पाहून. त्याच्या उजव्या खांद्यावर आणि डाव्या बुडाशी रेघ जाड झाली होती, तर डावा खांदा व उजवे बूड बारीक पडले होते. छपाईवाल्यांनी तिरपा फॉन्ट न वापरता उभीच अक्षरे कोरल या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये १२ अंश ढकलली होती. असे ढकलताना अक्षराचे बूड जागेवर राहते, माथा उजवीकडे सरकतो आणि वर्तुळ एका कर्णावर ताणले जाऊन दुसऱ्यावर दबते. उभा दांडा त्यामुळे जेमतेम २ टक्के बारीक होतो, ते कुणाला कळतही नाही. पण ‘ओ’ची रेघ एकीकडे सुमारे ११ टक्के जाड आणि दुसरीकडे १० टक्के बारीक होते. एकसारख्या जाडीवर उभ्या असलेल्या भौमितिक अक्षरात ही गोलाई लगेच चुगली करते. काळजीपूर्वक घडवलेल्या तिरप्या फॉन्टमध्ये नेमकी हीच रेघ हाताने पुन्हा सारखी केलेली असते, म्हणून मी मूळ तिरपी फाइल लावून घेतली.

खरा पेच मराठीचा होता. ‘सायकल शर्यत’ ही अक्षरे मी त्याच १२ अंशांवर कलवून पाहिली, तर शिरोरेषा आडवीच राहिली आणि तिच्याखालचे सगळे दांडे एकदम कोसळल्यासारखे दिसू लागले, कारण रोमन ‘ओ’ किंवा ‘सी’मध्ये उभी रेघच नसते, तर ‘सायकल’मध्ये स, काना, य, क, ल असा दर पावलाला दांडा असतो आणि डोळा कल मोजतो तो दांड्यांवरूनच. शिवाय ‘र्य’चा रफार सरकून पुढच्या ‘त’वर रेलला. म्हणून देवनागरीचा कल मी ८ अंशांवर आणला, रफार किंचित मागे घेतला आणि शिरोरेषेची दोन्ही टोके दांड्यांच्या कलानेच कापली.

“दोन्हींचा कोन वेगळा कसा चालेल?” असे आयोजकांनी विचारले, तेव्हा मी आकडे न सांगता मराठीचे १२ आणि ८ अंशांचे दोन्ही नमुने जर्सीच्या मापात छापून भिंतीवर लावले. त्यांनी बोट ठेवले ते ८ अंशांच्या नमुन्यावर. संध्याकाळी सगळी अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकृत्यांत बदलून, फाइल छपाईला पाठवली आणि ‘आता काहीही तिरपे करू नये’ अशी सूचना तिच्या नावातच घातली.