पाच बांध्या अलीकडे

14 जून
पहाटे साडेतीनला उठलो. आईने चहा टाकता टाकता नेहमीचा प्रश्न विचारला, "पगार देतात का रे याचा?" मी नेहमीसारखं हसलो. पाचच्या आत तलावाच्या पाळीवर पोचायचं होतं.

आज सारस पक्ष्यांची गणना होती. उन्हाळ्याच्या शेवटी मोजतात, कारण तोवर बोड्या, म्हणजे छोटी तळी, आटलेल्या असतात, पाणी मोजक्याच तलावांत उरतं आणि पांगलेले सारस तिथे मुक्कामाला येतात. पाऊस लागला की जोड्या आपापल्या धानात शिरतात, मग शोधत बसा. सगळे गट एकाच वेळी बसतात, पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातसुद्धा. नाहीतर इथला उडून तिथे गेला की एकाचे दोन होतात.

साडेनऊपर्यंत बसलो. गायबगळे, दोन राखी बगळे, शराटींचा थवा, सतत केकाटणारी एक टिटवी. सारस नाही. सोबत कॉलेजातला नवा पोरगा होता. तो हळूच म्हणाला, "भाऊ, मागच्या साली इथं दोन होते म्हणता ना? लिहून टाकू दोन."

शून्य लिहिलं. पहिल्या वर्षी मलाही शून्य लिहायची लाज वाटली होती. वाटायचं, आपणच नीट पाहिलं नसेल. गोंदिया जिल्ह्याचा आकडा चाळीसच्या वरून तिशीच्या आसपास घसरला, हे कळलं ते कुणीतरी खरं शून्य लिहिलं म्हणूनच ना? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही कोर्टापुढे गेले ते हेच आकडे. पोराला हे सगळं सांगितलं. त्याला पटलं का कोण जाणे, पोहे मात्र त्याने माझ्या वाटचेही खाल्ले.

24 जुलै
शेतकरी काकांचा फोन. "या जी. सारसानं बांधी धरली."

हाफ डे टाकून गेलो. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन दहाच दिवस झाले होते. मधल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जोडीने रोपं उपटून, गवत ओढून घरट्याचा भलामोठा ढीग रचलाय, खाटेहून रुंद, चारी बाजूंनी पाणी. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच पक्षी. अंग राखाडी, डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक. पण रचताना एकेक काडी अशी ठेवतो, जशी काकू सुपात सांडगे मांडतात.

"किती धान गेलं?" मी विचारलं.

"जाईन पायली-दोन पायली. माह्या बापाच्या वेळीही जात होतं."

काकांचा मुलगा बाजूलाच उभा होता. तो काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला ऐकू येत होतं.

सारस वाचवण्याचं काम करणाऱ्या 'सेवा' संस्थेची मंडळी आम्हा स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी जे शिकवतात ते एवढंच: घरट्यापाशी जायचं नाही. शेतकऱ्यापाशी जायचं. काका आणि मी मिळून हद्द ठरवली, पाच बांध्या अलीकडचा धुरा, म्हणजे बांध. तिथून पुढे कोणी नाही. मीसुद्धा नाही.

6 ऑगस्ट
आज माझ्या हातून चूक झाली. लिहून ठेवतो.

मोबाईलला लावायची नवीन दुर्बिणी लेन्स आणली होती. पाचव्या बांधीवरून फोटो धूसर येत होता. काका दिसत नव्हते. चौथ्या धुऱ्यावर गेलो, मग तिसऱ्या. घरट्यावरचा सारस उठला. पळाला नाही, सावकाश चार पावलं चालत बाजूला झाला. जोडीदारही तिकडून लांब सरकला. ढिगावर दोन अंडी उघडी पडली, फिकट, थोडी मळकट. पहिल्यांदाच पाहिली. फोटो काढायचं सुचलंच नाही, कारण समोरच्या धुऱ्यावर कावळा येऊन बसला होता.

मागून काकांची आरोळी आली. मी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत परत आलो, एक चप्पल तिथेच राहिली. जोडी परतून बसेस्तोवर वीस-बावीस मिनिटं गेली. तेवढा वेळ काका कावळ्याला ढेकळं मारत होते आणि माझ्याकडे पाहत नव्हते.

नंतर चहा पाजला. कप हातात देत म्हणाले, "तुमच्यापेक्षा माहे बैल बरे. एकदा सांगितलं का धुरा नाही ओलांडत."

फोटो सगळे डिलीट केले.

19 ऑगस्ट
धानावर गादमाशी ही कीड पडलीय. आसपास सगळ्यांची फवारणी झाली. काकांनी घरट्याभोवतीच्या बांध्या सोडल्या. त्यावरून घरात भांडण. मुलाचं म्हणणं चूक नाही: औषध न मारलेल्या बांधीतली कीड शेजारच्या बांधीत पसरते, आणि सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरांना सारसाचं चित्र काढायला लावणं सोपं आहे, इथे आम्ही स्वयंसेवक उघडे पडतो.

निघताना दोघांनी मिळून साद घातली. नराने पंख उचलून चोच आभाळाकडे केली. त्याची एक हाक, की तिच्या आखूड दोन. दोन बांध्यांपलीकडे निंदण करणाऱ्या बायकासुद्धा क्षणभर थांबल्या. मग एक म्हणाली, "बोलले बाप्पा, आता पाणी येते." पाणी काही आलं नाही.

2 सप्टेंबर
एक पिल्लू! दालचिनीच्या रंगाचं, कोंबडीच्या पिलापेक्षा थोराड, आईबापाच्या पायांमधून लुटुलुटु. दुसरं अंडं घरट्यातच राहिलं. त्या दिवशीच्या वीस मिनिटांमुळे का? संस्थेतले अनुभवी लोक म्हणतात की दोनातलं एक राहणं नेहमीचंच आहे. म्हणत असतील.

पिल्लू उडायला तीन महिने घेतं. म्हणजे डिसेंबर. धान त्याआधी कापणीला येतं. आणि शेताच्या टोकाला झोळ पडलेली विजेची तार आहे. सारस मरतात ते बऱ्याचदा अशाच तारांवर. तारेला दिसतील अशा चकत्या लावा म्हणून अर्ज दिलाय, दोनदा. पोच आहे.

संध्याकाळी ओसरीवर काकांनी बोटांवर महिने मोजले. भादवा, अश्विन, कार्तिक. मग म्हणाले, "मधली बांधी शेवटी कापू."

"झडून जाईन तवापर्यंत," मुलगा म्हणाला. "ते पोतं कोण भरून देईन?"

तो माझ्याकडे पाहत होता. काकूंनी चहा आणला, आम्ही तिघांनी तो प्यायला. परत निघालो तेव्हा तो मागून गाडीपाशी आला आणि म्हणाला, तारेचा तिसरा अर्ज माझ्या नावानं लिहा, मीटर माझ्या नावावर हाय.