एका गळ्यातून तीन आवाज
आज अरेंजर कीबोर्डला, म्हणजे ताल-साथ आपोआप वाजवणाऱ्या कीबोर्डला, व्होकल हार्मनी प्रोसेसर (गायलेल्या आवाजाला जुळणारे आणखी आवाज तयार करणारे यंत्र) जोडला आणि एकट्या गळ्यातून तीन आवाज उमटताना ऐकून मन भरून आले. डाव्या हाताने धरलेला कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले स्वर, मिडी केबलमधून (वाद्यांमधील सूचना वाहून नेणाऱ्या तारेतून) प्रोसेसरकडे जातो आणि त्यातील स्वर निवडून प्रोसेसर मूळ आवाजाच्या वर-खाली साथ उभी करतो. सी मेजर कॉर्ड (सी, ई, जी) धरून मी ‘ई’ गायलो, तेव्हा वर ‘जी’ आणि खाली ‘सी’ अलगद येऊन बसले. अर्थात, कीबोर्ड ज्या मिडी चॅनेलवरून कॉर्ड पाठवतो, तोच चॅनेल प्रोसेसरवर निवडावा लागतो. वाद्याचा आवाज माइकमध्ये शिरला की स्वर ओळखणेच बिघडते, म्हणून स्पीकर माइकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवला. संथ, लांबवलेल्या ओळींवर ही साथ विलक्षण खुलते. जलद ताना मात्र माझ्या मते एकट्यानेच गाव्यात.